घेतो, देतो

म्हापशात, बाजारातून वर चढणाऱ्या रस्त्यावर,
लाद्या आणि नळाच्या तोट्या विकणाऱ्या दुकानाला लागून
आमची काच.
काचेमागे फळा : आम्ही घेतो, आम्ही देतो.
पौंड आज एकशे तीनला घेतो, एकशे साडेसातला देतो.
त्या दोन आकड्यांमधल्या फटीत माझा पगार,
मालकाची नवी गाडी,
आणि एसीतून बारा महिने बादलीत ठिबकणारं पाणी.

मी रोज बांद्याहून येते, पत्रादेवीचा नाका ओलांडून.
माझा परदेश तेवढाच.

एका शुक्रवारी शिवोलीची क्लोतिल्द मास्कारेन्यस आली.
एका पिशवीत सुकी सुंगटं, दुसरीत पासपोर्ट.
लेक स्विंडनला, गोदामात रात्रपाळीला, पहिलंच बाळंतपण.
"सगळे बदल गो," म्हणाली,
आणि रुमालाची गाठ सोडून
पाचशेच्या नोटा थुंकी लावत मोजल्या,
दोनदा,
दुसऱ्यांदा एक कमी भरली म्हणून तिसऱ्यांदा.

मालक फोनवर होता.
मी आवाज खाली घेतला : सगळे नका बदलू, बाय.
टॅक्सीपुरते न्या, पहिल्या दिवसाच्या दुधा-पावापुरते.
उरलेले कार्डात भरून देते.
विमानतळावरच्या काउंटरला बळी पडू नका,
तिथं बसलेल्या मुली माझ्यासारख्याच,
पण त्यांची फट आमच्यापेक्षा रुंद.
रोख काढायची तर एकदाच काढा, दर वेळी मशीन आपला घास काढून घेतं.
आणि दुकानात कार्ड घातलंत की पडदा विचारेल, अगदी मायेनं :
रुपयांत देणार का?
नाही म्हणायचं.

"आपलेच पैसे न्हय ते? कित्याक ना म्हणू?"

आपलं म्हणून जवळ घेतात, बाय, आणि दर त्यांचा लावतात.
तिथलं देणं तिथल्याच पैशात.

पावती फाडताना आणखी एक सांगितलं, ते फळ्यावर नसतं :
शंभरानं गुणू नका.
टोमॅटो उचलाल, गुणाल, खाली ठेवाल.
बस येईल, गुणाल, चालत निघाल.
लेकीला वाटेल आईला इथलं जेवण रुचत नाही.
मला कसं ठाऊक?
इथं नोकरीला लागले तेव्हा वर्षभर मी
म्हापशाचे बांगडे बांद्याच्या भावानं तोलत होते
आणि डब्यात लोणचं आणत होते.
रुपया दोन्हीकडे एकच, तरीसुद्धा.

चवथ होऊन गेल्यावर ती परत आली, गालफडं बसलेली.
"गुणलंत ना?"
"गुणलें गो."
मग हसत सुटली, लाद्यावाला डोकावेपर्यंत.
मोबाइलमध्ये नात दाखवली, टोपीत बुडालेली.
मशीननं विचारलं तेव्हा ती 'नो' म्हणाली होती,
इतक्या मोठ्यानं की गल्ल्यावरच्या पोरानं दोन्ही हात वर केले.

कार्डात उरलेले मी काढून दिले.
मग तिनं मूठ उघडली : नाणी.
नाणी आम्ही घेत नाही,
फळ्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय,
मीच लिहिलंय.
तिनं मूठ मिटली, पुन्हा उघडली,
त्यातलं एक बारा कोनांचं काचेखालून सरकवलं.
"दवर. तू वचशी तेन्ना चाय पी."

संध्याकाळी बांद्याच्या गाडीत कंडक्टरनं सुट्टे मागितले.
अंधारात हाताला लागलं ते दिलं.
"ताई, हे आपलं नव्हे," म्हणून त्यानं परत केलं,
आणि पुढच्या सीटकडे वळला.
मी ते मुठीत धरून बसले.
पत्रादेवी येईपर्यंत गुणत होते :
एकदा जाऊन येण्याचं तिकीट, वर एक चहा.
फक्त एकशे तीननं गुणायचं की एकशे साडेसातनं,
मी घेणारी की देणारी,
ते काही केल्या ठरेना.