वार्षिक अहवाल

रात्रीचे साडेदहा. शर्लीचे पेपर तपासून झालेत,
तिच्याच लाल पेनाने मी मुख्य कचेरीचा फॉर्म भरतोय.
मंडळी : सांगे. पाळक : ओबेद वाघचौरे. वय : सत्तावीस.
सभासद अकरा.
(हणमव्वाची मुलगी धरली तर बारा, पण मी खाऊसाठी येते
असं तीच सगळ्यांना सांगते.)

उपासनागृह भाड्याचं. इथे पूर्वी टायर रिमोल्ड व्हायचे.
खाणी बंद पडल्या, ट्रक गेले, मालकाने शटर आम्हाला दिलं.
दुपारी प्रार्थनेला डोळे मिटले
की अजून जळक्या रबराचा वास येतो.
घंटा नाही. टेकडीवरच्या इगर्जीची वाजते,
तिच्यावरच आम्ही सुरू करतो. उसनी.

पोदेर मला पाद्री म्हणतो आणि शर्लीकडे बघून
उंडे मोजताना चुकतो.
एकदा न राहवून विचारलंनच : पाद्रीक बायल आसता?
असते, म्हटलं, आणि ती गणित शिकवते.
दोन उंडे कमी दिलेस.

'अडचणी' या रकान्यात दीड ओळ जागा.
तिथे छपराबद्दल लिहिलं.
लिहिलं नाही ते हे, की मी करमाळ्याकडचा,
टँकरच्या रांगेत वाढलो,
मला पोहता येत नाही.
आजवर निभावलं. मागच्या अंगणात हजार लिटरची काळी टाकी,
वरून कापलेली, आत उतरायला स्टूल.

कुस्तोदबाब ती टाकी बघून हसला.
त्र्याहत्तर वर्षांचा सुतार. म्हणाला, माझ्या कपाळावर
पाणी पडलं तेव्हा मी झोपेत होतो,
आता जागेपणी हवं. आणि ह्यात नको.
माझ्या घरात.
घर कुर्डीला. कुर्डी साळावली धरणाच्या पोटात.

थांबलो. तो रोज सायकलवरून पाणी बघून यायचा,
शटरपाशी पाय टेकून हाताने उंची दाखवायचा :
गळ्याइतकं.
पुष्कळ दिवस गळ्याइतकंच.
मग छाती. एप्रिलच्या शेवटी त्याने कमरेला हात लावला.

पहाटे गेलो. वॉचमन पाठ फिरवून बिडी ओढत राहिला.
चिखल, शेवाळलेले चिरे, माडांची काळी खुंटं,
आणि तो पुढे, रात्री तहान लागून
आपल्याच घरात उठलेल्या माणसासारखा, न चाचपडता.
हा सोपा. ही खोली. इथे आईची चूल.
त्याची कंबर म्हणजे माझ्या बरगड्या, हे आधी सुचलं नव्हतं.
काठावर हणमव्वाने कन्नडात काहीतरी गायला घेतलं.
एक हात त्याच्या पाठीशी, एक छातीवर,
वचन उच्चारलं आणि त्याला मागे झोकलं.

तो वर येईना.
म्हणजे मी उचलत होतो आणि तोच यायला तयार नव्हता,
खाली पायाने काहीतरी शोधत होता.
चार सेकंद असतील.
माझ्या पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थना तेवढ्यात संपल्या.
मग आला, खोकला, मिशीतून पाणी निथळत होतं.
मी आलेलूयाची वाट बघत होतो.
तो म्हणाला, उंबरो आसा.

बहीण, आंतोनेत, येणार नव्हतीच.
टायरच्या दुकानात देव शोधायला गेला म्हणून
वर्षभर तिने बोलणं टाकलंय.
पण सायकलच्या हँडलला पिशवी होती,
पिशवीत टॉवेल, इस्त्री केलेला,
डांबरगोळ्यांचा वास अजून न गेलेला.
त्याने आधी माझं डोकं पुसलं.
मी थरथरत होतो, ते त्याने थंडीवर घातलं.

आता ऑगस्ट. त्याचं घर पुन्हा खाली गेलंय.
गेल्या रविवारी हजेरी नऊ.
बाप्तिस्मे : एक.
स्थळ : इथे पेन बराच वेळ थांबलं,
शाईचा एक ठिपका पडला.
धरणाचं नाव लिहायला हवं खरं तर.
घरी, असं लिहिलं.
कचेरीतले रणपिसे फोन करतील, कुणाच्या म्हणून.
शर्ली म्हणते, करू देत. दिवा घालव.