आज नाही

अंबादासने नोटा आणल्या
बिस्किटाच्या डब्यात, धोतराच्या फडक्यात गुंडाळून.
परदेशी नोटा. आकडा एवढा लांब
की शून्यं मोजताना माझं बोट दोनदा घसरलं.

"अक्का, एका रात्रीत भाव फिरणार. पहाटे उठशील
तर पत्र्याच्या जागी स्लॅब."
कोणती रात्र, विचारलं.
म्हणाला, विश्वास लागतो.

विश्वास आहे की माझा.
गड्ड्याला नंदीध्वज तोलत नेतात
तेव्हा डोळे आपोआप मिटतात.
पण सिद्धरामाला मी कधी
भाव विचारला नाही.

चाळीस वर्षं विड्या वळतेय.
हजार मोजून दिल्या की चेकर
मूठभर छाट काढून बाजूला टाकतो.
त्याला मी मनात शिव्या घालते, तरी
त्याच्याकडूनच शिकले: कट्टा कितीही सुबक बांधलेला असो,
दोरा सोडून बघावा.

"ही नोट दिली तर कन्ना चौकात
किलोभर ज्वारी मिळेल का रे?"
तो हसला. मग हसू मध्येच राहिलं.

डबा आता माझ्याकडे फळीवर, देवांच्या फोटोमागे.
त्याच्या घरी माग होता तिथे
तेलाचा काळा चौकोन उरलाय, त्यावर पोरं अभ्यासाला बसतात.
रोज येतो, मोबाइल उघडतो, "आज नाही," म्हणतो.
मी चहा टाकते. आज नाही, मीही म्हणते.

आणि खोटं कशाला बोलू,
आज पहाटे जाग आली
तेव्हा तंबाखूचं सूप ओढायच्या आधी
मी वर बघितलं.
पत्रा होता.
खिळ्याच्या भोकातून उजाडत होतं.