टेबलाचं पोट

नॉरशॉपिंगच्या फर्निचरच्या दुकानात
गुनव्होरबाईंच्या हाताखाली मी खोल्या मांडायला शिकले.
कुणीच राहणार नाही अशा खोल्या:
नळ होता, पाणी नव्हतं,
पुस्तकं होती, आत पुठ्ठा.
लिंबं तेवढी खरी, दर सोमवारी ताजी;
जुनी आम्ही वाटून घरी न्यायचो.

चित्र डोळ्यांच्या रेषेत, बाई म्हणायच्या,
जमिनीपासून दीड मीटर, बोटभरही इकडेतिकडे नाही.
छत पांढरं. लहान खोलीला फिका रंग.
आणि फुलाफुलांशेजारी चौकडा ठेवलास
तर मला तोंड दाखवू नकोस.
मग खिशातली टेप सर्रकन मिटायच्या,
नको त्या पाहुण्याच्या तोंडावर दार लावावं तशी.

एकतीस वर्षं.
निरोपाला आम्ही त्यांना टेपच दिली, चांदीची.
त्यांनी ती तिथल्या तिथे केकला लावून बघितली.

फेब्रुवारीत त्या स्वयंपाकघरात पडल्या.
खुबा मोडला.
वर ओट्यावर फोन वाजत राहिला.
त्यातला एक माझा होता.
झोपल्या असतील, म्हटलं, आणि ठेवून दिला.

सात तास.

"छत बघवेना गं," हॉस्पिटलात म्हणाल्या,
"इतकं पांढरं, की वाटलं आपण मेलोय
आणि तिथलीही सजावट आपल्याच दुकानाकडे आहे."
मान वळवली, तर समोर टेबलाचं पोट.
पस्तीस वर्षं त्याच्यावर जेवल्या,
खाली वाकून कधी विचारलं नव्हतं, कसं काय बाबा.
रंधाही न फिरवलेलं लाकूड.
सुताराने पेन्सिलीने केलेला एक हिशेब.
आणि येर्केरचं च्युइंगगम, एकोणनव्वद सालचं असेल,
त्यावर त्याच्या दुधाच्या दातांची खूण.
"तेवढंच होतं वाचायला. पाठ झालं."

आता नोव्हेंबर. साडेतीनलाच अंधार.
वेलचीचे पाव घेऊन मी गेले,
दार उघडलं, आणि दारातच थबकले.
छताला बीट किसल्यावर हाताला राहतो तो रंग.
लहान खोली गर्द हिरवी, विहिरीच्या तळासारखी.
पडद्यांवर पेओनी, खुर्च्यांवर चौकडे, सतरंजीवर पट्टे,
कुणाचं कुणाशी पटत नाही
आणि सगळी एकाच घरात.
चित्रं म्हणाल तर एक गुडघ्यापाशी,
एक फडताळाच्या आत, कपबशांच्या मागे,
आणि बोटीचं ते मोठं, पार खाली,
पाण्याऐवजी जमिनीला टेकलेलं.

माझा हात आपसूक खिशाकडे गेला.
"बाई, डोळ्यांची रेषा..."
"कुणाच्या डोळ्यांची?"
मला उत्तर सुचेना.
"झोप," त्या म्हणाल्या.
"कुठे?"
"तिथे, ओट्याशी. कोट काढ आधी, नवा दिसतोय."

पाठीला फरशी गार लागली.
टेबलाचं पोट निळं केलेलं,
दिवे लावायच्या वेळचं निळं,
मध्ये पिवळे शिंतोडे. तारे असतील,
किंवा ब्रश झटकला असेल.
सुताराचा हिशेब तसाच, भोवती सोनेरी चौकट.
च्युइंगगमलाही एक, छोटी,
आणि ती तिरकी.
तिरकी आहे, असं मी सांगणारच होते,
पण काठी टेकत त्यांचे पाय आले,
एका पायात लाल मोजा, दुसऱ्यात पट्ट्यापट्ट्यांचा.
पावाचा चुरा माझ्या केसांत पडला.

"बेरीज बघितलीस?"
सत्तावन्न अधिक अडतीस.
त्याने खाली लिहिलंय पंच्याऐंशी.
"पंच्याण्णव हवेत," मी खालून म्हटलं.
"हवेतच. हातचा विसरला गडी.
पण टेबल उभं आहे ना?"

फोन वाजला तेव्हा मी अजून आडवीच होते.
तो आता भिंतीला आहे, जमिनीपासून वीतभर वर.
हात लांबवला.
पोचला.