रात्रीचा दर

रात्री दहानंतर वीज स्वस्त होते,
म्हणून शिरोलीत आमची भट्टी
रात्री दहाला पेटते.
मला हे खतावणीत कळलं,
दस्तगीरमामाच्या बायकोला घरात:
सहा वर्षं तिच्या खिडकीला दिवसा गोधडी,
पोरं कुजबुजत पाढे म्हणतात,
शिट्टी नको म्हणून कुकर माळ्यावर.
मुंबईत कुणीतरी एका रकान्यात
वजा दीड लिहिलं,
आणि इथं एका घरचा भात
पातेल्यात शिजायला लागला.

वजा दीड वाईट नव्हतं हं.
त्यातनंच दोन दिवाळ्यांचा बोनस निघाला,
पाकिटं मीच भरलीत.
पण मग त्याच बिलाच्या तळाशी
एक नवी ओळ उगवली, नाव 'समायोजन'.
भूपालअण्णा म्हणाले, "हे काय गं आणि?"
मी फोन केला. परिपत्रक आहे म्हणाले.
दाखवा म्हटलं. येईल म्हणाले.

मग प्रोत्साहन योजना आली.
नव्या कारखान्याला सात वर्षं करात परतावा,
जुन्याला शुभेच्छा.
शेजारच्या उपाध्येंनी
स्वतःच्याच शेडमध्ये मधोमध भिंत घातली.
अलीकडं जुनी कंपनी,
पलीकडं नवी, बायकोच्या नावावर.
क्रेन एकच. तिच्यापुरती
भिंतीला वर फट ठेवलीय.
साहेब तपासायला आले तेव्हा
क्रेन त्यांच्या डोक्यावरनं फटीतून गेली.
साहेबांनी मान खाली घालून लिहिलं:
नवीन रोजगार, अकरा.
त्या अकरांतले नऊजण आदल्या दिवसापर्यंत
भिंतीच्या अलीकडं होते.

कोगनोळीचा नाका ओलांडला
की दुसरं राज्य, दुसरा दर.
तिथले अधिकारी आपणहून आले,
शाल, नारळ, गुंडाळलेला नकाशा.
नव्वद दिवसांत उत्तर नाही आलं
तर मंजूर समजा, म्हणाले.
अण्णा बराच वेळ नकाशाकडं बघत बसले,
मग शेडमध्ये जाऊन विचारलं,
"दस्तगीर, येशील काय तिकडं?"
मामानं साच्याची वाळू मुठीत दाबली,
ढेकूळ मधोमध मोडून बघितलं.
"ओल बरोबर हाय," एवढंच म्हणाला.

एक मात्र सांगायला पाहिजे.
जळकी वाळू पूर्वी आम्ही ओढ्याकाठी ओतायचो.
आता चौदा फौंड्र्यांचा मिळून एक प्लांट आहे,
ती भाजून परत वापरायचा.
बहुतेक पैसा सरकारचा.
ती योजना लिहिणारी खोंद्रे मॅडम
दोन दिवस साच्यांच्या ओळीत नुसती उभी होती,
बुटात वाळू जाईपर्यंत.
तिची बदली झाली.
प्लांट चालू आहे.

परवा नवं दरपत्रक आलं.
सवलत आता सकाळी नऊ ते पाच,
उन्हाच्या विजेची.
रात्र महाग झाली.
एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली,
आम्ही चौदाशे अंशांचं लोखंड ओततोय.
मामाच्या बायकोनं गोधडी काढून धुतली,
कुकर खाली आला,
पहिल्या शिट्टीला धाकटा दचकला म्हणे.
मामा मात्र रात्री दोनला
उंबऱ्यावर बसलेला असतो, टक्क जागा.

नकाशा अण्णांच्या कपाटामागं उभा आहे.
मी दोन्हीकडचा हिशोब मांडून ठेवलाय,
अण्णांनी अजून मागितला नाही.