आकडा

हरणे सर वीज मंडळात लाइनमन होते.
दिवसभर माधवगंजातल्या, जीवाजीगंजातल्या तारांवरून
लोकांनी टाकलेले आकडे काढायचे,
शिव्या खायचे, एकदा दगडही,
आणि संध्याकाळी सहाला
कंपूतल्या पिठाच्या गिरणीच्या गच्चीवर
आम्हा सात जणांना आकडा शिकवायचे.

ही विद्या त्यांना कलकत्त्यात मिळाली,
एका चिनी दंतवैद्याकडून.
दाढ काढून घ्यायला गेले, अकरा महिने राहिले.
एवढंच सांगायचे. दाढेचं पुढे काय झालं, ते नाही.

"खंडोबाचा किडा पाहिलायस ना?
लोकांना वाटतं, हात जोडतोय.
तो हात जोडत नाही. हात राखून ठेवतो."

मग माझं मनगट दोन बोटांत धरून,
"मोडू नकोस, वळव.
मोडलेलं मनगट म्हणजे स्टुडिओतली नवरी,
हनुवटीखाली हात घेतलेली.
तर्जनी अन् अंगठा असे टेकव,
समोरच्याच्या डोळ्यातलं कुसळ काढतेयस, असे.
उरलेल्या तिघी झोपू देत. पण गाढ नाही.
दारात कुत्रं झोपतं ना, तशा.
आणि जोर इथे नाही, वृंदे, इथे."
कोपरावर टिचकी.
"बोटं नुसता निरोप पोचवतात."

मला ते जमायला सव्वा वर्ष लागलं.
माझी मूठ मिटायची.
कोणी हात उगारला की मिटायचीच,
तिला घरून तशी सवय होती.
सरांनी विचारलं नाही काही.
फक्त एकदा, वर्ग सुटल्यावर, चपला घालता घालता:
"चालू तारेला तळहाताने कधी शिवू नये.
करंट मूठ मिटवतो,
मग सोडायचं म्हटलं तरी सुटत नाही.
शंका असली तर हाताची पाठ लावावी,
झटका बसला तर हात आपसूक मागे येतो.
माणसाचंही तेच.
आधी मनगटाची पाठ लाव. ऐक, तो कुठे निघालाय.
मग आकडा. मग खाली.
पकडायचं नाही बरं का.
जाणाऱ्याला जरा लवकर पोचवायचं, बस."

जानेवारीत, धुक्यात, दूध आणायला निघालेले सर
नयी सडकेच्या कडेला बसले, आणि उठता येईना.
जयारोग्यमध्ये नऊ दिवस.
उजवी बाजू गेली.

घरी आणलं तेव्हा
हात छातीशी, कोपर खाली,
मनगट वळलेलं, बोटं मिटलेली.
आम्ही सातही जण पलंगाभोवती उभे होतो
आणि सगळ्यांना ते दिसलं
आणि कोणी बोलेना.
बाबू तोमर तर गजकचा डबा धरून
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला.

सरांनीच मग तो हात पाहिला, बराच वेळ,
नव्या पोराचा पाहावा तसा.
तोंड अर्धंच हलत होतं.
"चू… चूक," म्हणाले.
"अं… गठा. आत."

खरंच. अंगठा आत होता,
चार बोटांखाली,
तान्ह्या मुलाचा असतो तसा.

तेव्हापासून मंगळवारी अन् शुक्रवारी मी जाते.
तेल कोमट करते, मोहरीचं, इकडच्या रिवाजाचं.
ओढत नाही.
आधी माझ्या मनगटाची पाठ
त्यांच्या मनगटाच्या पाठीला लावते.
थांबते.
हा हात कुठे निघालाय, ऐकते.
कधी दहा मिनिटं काहीच ऐकू येत नाही,
शेजारचा रेडिओ, कुकरच्या शिट्ट्या.
मग करंगळी जराशी सैल होते,
मग तिच्या शेजारची,
सर्वांत शेवटी अंगठा,
घामेजलेला, पांढुरका,
बऱ्याच दिवसांनी उजेड पाहिल्यासारखा.
तो मी तर्जनीवर टेकवते,
मधे कुसळापुरती जागा ठेवून.

सर डोळे मिटून पडलेले असतात.
"कोपर," म्हणतात.

माझं.