जवळपास जुळतं

ऑक्टोबरात युरोपात एक कायदा लागू झाला
आणि त्याचा धक्का बसला उद्यमबागेत,
आमच्या फौंड्रीच्या पत्र्याच्या ऑफिसात,
जिथे मी हिशेब लिहिते.

सुलभा हंगरगेकर.
शाळेच्या दाखल्यावर हंगरगेकर, आधारावर हंगर्गेकर,
रेशनकार्डावर कानडीत जाऊन परत आलेली हंगरगी.
तिघींची सही एकच.

कायदा तसा भला आहे.
पैसा दहा सेकंदांत पोचवायचा,
रात्री, रविवारी, नाताळातसुद्धा,
आणि तो उंबऱ्याबाहेर पडण्याआधी बँकेनं विचारायचं,
ज्याला पाठवतोयस त्याचं नाव हेच ना?
कुणा म्हातारीची पुंजी भामट्याच्या खात्यात जाऊ नये,
म्हणून एवढं.
उत्तरं तीन.
जुळतं. जुळत नाही.
आणि मधलं एक, पिवळ्या अक्षरांत:
जवळपास जुळतं.

आम्ही पिवळ्यात निघालो.
तिकडच्या बँकेत खातं ‘बेलगाम कास्टिंग्ज’चं,
मालकांच्या वडलांनी ठेवलेलं नाव;
बिलावर ‘बेलगावी’,
शहराची पाटी बदलली तेव्हा बदललेलं.

झोलिंगेनहून हाइकेचा फोन आला.
सहा वर्षांत तिनं वजन आणि तारीख
याखेरीज काही विचारलं नव्हतं.
‘ही दोन गावं आहेत का?’

नाही, म्हणाले मी. मग थांबले.
या एवढ्याशा प्रश्नापायी आमच्याकडे
एसट्या हद्दीवर उभ्या राहतात,
पाट्यांना डांबर लागतं,
दिल्लीत तारखा पडतात.
तिची जेवणाची सुटी संपत आली होती.
‘एकच आहे,’ म्हणाले, ‘जवळपास.’

बाहेर बसवण्णी पंपाच्या कवचाचं पॅटर्न तासत होता.
लोखंड थिजताना आकसतं,
म्हणून त्याचं लाकूड शंभराला एक मोठं,
त्याच्या पट्टीवरचा इंच
बाजारातल्या इंचाहून मुद्दाम लांब.
त्याला म्हटलं, बघ, नावात एवढीसुद्धा घट
चालत नाही म्हणे त्यांना.
तो कानडीत हसला आणि मराठीत म्हणाला,
‘पट्टी कुठली वापरूलालेत वो त्यांनी?’

हाइकेपुढे बटण होतं.
दाबायला बंदी नव्हती.
फक्त खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं,
की यापुढे चुकलं तर ते तुमचं.
ती म्हणाली, एकदा म्हणून दाखव,
तुम्ही तिथे काय म्हणता?

बेळगाव, मी म्हणाले.
दारातून बसवण्णी: बेळगावी.

तिनं ल म्हणून पाहिला, मग र,
मग दोन्हींच्या मधे कुठे तरी जीभ अडकवून
स्वतःशीच हसली.
ळ जमला नाही.
तो तिच्या कीबोर्डवर नव्हता,
आमच्या जुन्या इंग्रजी नावात नव्हता
आणि नव्यातही कुणी बसवला नव्हता.
बसवण्णीच्या नि माझ्या तोंडात तेवढा
सारखा, टाळूला टेकून.

मग पलीकडे शांतता. एक टिचकी.
मी मोजत होते.
आठव्याला मोबाइल थरथरला:
चौदा हजार आठशे साठ युरो.
शनिवारचा पगार झाला.

पुढच्या खेपेला असं चालणार नाही,
ती म्हणाली, तिच्या साहेबाला नियम दाखवायचे असतात.
बरोबर आहे.
म्हणून आता अर्ज भरते आहे.
जुनं नाव, नवं नाव, शिक्का, सही,
सगळं भरलं.
‘नाव बदलण्याचं कारण’ या रकान्यात
त्यांनी दोन ओळी दिल्यात.

बाहेर ओतकाम सुरू झालंय.
पेन हातात आहे. कागद लालसर दिसतोय.