पाठमोरी

वेळापत्रकात माझा तास दुपारचा, शेवटचा.
गणिताच्या सरांचा पोर्शन राहिला
की तोही त्यांचा.
मग मी स्टाफरूममध्ये बसते
आणि पुण्याहून आलेल्या गोष्टीतल्या सशाला
कान काढते.

तशी चित्रकलेच्या बाईंना कामं पुष्कळ.
फळ्यावर रोजचा सुविचार, रंगीत खडूनं,
सभापती येणार असले की रांगोळी,
टाकीवर 'पाणी जपून वापरा'
(टाकी मार्चपासून कोरडी),
निवडणुकीत बोटांना शाई.
केंद्राध्यक्ष म्हणाले, बाई, रेघ काय सरळ आहे तुमची!
वीस वर्षांत मिळालेली
ही एकच लेखी नसलेली शाबासकी.

रात्री शिवणयंत्राचं झाकण म्हणजे माझं टेबल.
बत्तीस पानं, बारा चित्रं,
मानधन पुस्तक छापून झाल्यावर.
फोनवर देशमाने म्हणतात,
डोळे जरा मोठे करा सशाचे, गोड करा,
आणि झाडं हिरवी हवीत हो, हिरवीगार.
मी खिडकीबाहेर बघते. बाभळ.
तिच्या हिरव्याला माझ्या पेटीत वडी नाही,
पोपटीत थोडी राख कालवावी लागते.

पाचवीतल्या पोरांना वाटतं
गोष्टी सुरू होतात 'आटपाडी नगर होतं' अशा.
मी दुरुस्त करत नाही.

यंदा सातवीत मायाप्पा लेंगरे.
दिवाळीपर्यंत पटावर, मग मेंढरांबरोबर कोकणात.
विषय दिला होता, माझा आवडता प्राणी.
वर्गभर वाघ झाले, पोपट झाले,
सगळे समोर बघणारे,
फोटोग्राफरनं सांगितल्यासारखे.
मायाप्पाची मेंढरं पाठमोरी.
नुसत्या पाठी, शेपट्या,
एक लंगडं,
आणि खुरांची धूळ, पेन्सिल बोटानं चोळून चोळून
कागद झिजेपर्यंत केलेली.

तोंडं कुठायत रे ह्यांची?
फुडं.
मग मला कळलं नाही असं बघून, सावकाश,
मी मागनं चालतो न्हवं, बाई.

एलिमेंटरीला स्मरणचित्रात हे काढलं असतंस
तर मीच तुला गुण कापले असते,
हे मी त्याला सांगितलं नाही.

त्या रात्री शेवटचं चित्र होतं,
'आणि ससा आपल्या घरी गेला.'
मी त्याला जाऊ दिलं.
कान मागं पडलेले, ढुंगण वर,
समोर बीळ, पानाच्या तिसऱ्या भागात नुसती माती.
काढून झालं तेव्हा चहा गार होता
आणि मला कितीतरी दिवसांनी
कुणालाही काही दाखवायचं नव्हतं.

देशमान्यांचा मेसेज आला, सुरेख. पण चेहरा?
मी लिहिलं, पुढं.
मग ते खोडलं.
गॅसचं, क्लासचं, आईच्या गोळ्यांचं मनात मोजलं
आणि अर्ध्या तासात
हसरा ससा पाठवून दिला.

पुस्तक जूनमध्ये आलं.
मायाप्पा आला जुलैत, अंगानं वाढलेला,
गेल्या वर्षीचीच चड्डी.
मी त्याला पुस्तक दिलं.
त्यानं हात शर्टाला पुसले,
एकेक पान बघत शेवटच्या सशाशी थांबला,
मग पान उलटून मागं पाहिलं.
मागं किंमत छापलेली होती.

मी कपाटातून जुना कागद काढला.
कडेला झुरळानं थोडा खाल्लेला.
त्यानं तो बाकावर ठेवला, वाकला,
खूप वेळ काही बोलला नाही.
मी उगीचच डस्टर झटकत राहिले,
निकालाला उभं असल्यासारखी.

चुकलंय, बाई.
पळताना शेपूट खालनं पांढरं दिसतं त्याचं.

मी पांढऱ्याची बाटली काढली.
झाकण चिकटून बसलेलं.
त्यानंच दातानं उघडलं.